किल्ला हलत नाही

इंग्रज फोटोग्राफर रॉजर फेंटन हा शिक्षणाने वकील. १८५५ साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर जाऊन फोटो काढून आलेला. १८६० मध्ये त्याने इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर किल्ल्याचे फोटो काढले, तेव्हा नुसता कॅमेरा नेऊन भागणार नव्हतं. अंधाऱ्या खोलीची सोयही जवळच लागायची.

कारण ओली काच. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेली ही पद्धत. काचेचा कोपरा चिमटीत धरायचा, मध्यावर कलोडियन ओतायचं (ईथर-अल्कोहोलात विरघळवलेला गनकॉटन, म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, त्यात आयोडाइड) आणि काच कलती करत ते चारही कोपऱ्यांना पोचवायचं. जास्तीचं परत बाटलीत. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवली की काचेवर दुधी थर बसतो. ती सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि धुवायचा; हाताशी जेमतेम दहा मिनिटं. हे करणाऱ्याची बोटं चांदीच्या क्षारांनी काळी पडलेली असायची.

फोटोला अनेकदा कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ स्तब्ध उभं राहणं किल्ल्याला जमतं, चालत्या माणसाला नाही. तो पुसट होतो किंवा गायबच. शिवाय या थराला निळा प्रकाश लगेच कळतो, लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे आभाळ कोरं पांढरं येई. इंग्लंडात ढगांचा तुटवडा कधीच नव्हता! निर्मनुष्य बुरूज, वर रितं आभाळ: त्या फोटोंतल्या राजेशाही गांभीर्याचं थोडं श्रेय रसायनांना द्यायला हवं.

त्याआधी किल्ला लोकांना दिसे तो चित्रांतून, कोरीव ठशांतून. बुरूज दोन हात उंच करणं चित्रकाराच्या हातात होतं. फोटोवर लोकांचा विश्वास बसला. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट या कलेचे हौशी आश्रयदाते. स्कॉटलंडमधल्या बालमोरलचा नवा वाडा बांधला जात असताना त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन विल्सनकडून त्याचे फोटो काढून घेतले.

एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघत. १८६० पासून राजघराण्याची छोटी फोटोकार्डं दुकानांत आली आणि राणी घरोघरच्या अल्बममध्ये कुणाच्या तरी मावशीशेजारी जाऊन बसली. अल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरात गेला. १८६३ मध्ये विल्सनने बालमोरलला टिपलेली राणी तट्टावर बसली आहे, अंगावर काळा पोशाख, आणि शेजारी तिचा नोकर जॉन ब्राउन. ते कार्ड हजारोंनी खपलं. पुढे लोक राणीच्या माघारी तिला ‘मिसेस ब्राउन’ म्हणू लागले.