ग्रामीण-शहरी खर्चातील तफावत: मोजणीचा मागोवा

घरगुती उपभोग खर्चाच्या 2022-23 च्या सर्वेक्षणानुसार भारताच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च 3,773 रुपये, तर शहरी भागात 6,459 रुपये होता. म्हणजे शहरातील माणूस खेड्यातील माणसापेक्षा सरासरी 71 टक्के अधिक खर्च करत होता. 2011-12 मध्ये ही तफावत 84 टक्के होती, त्यामुळे दरी कमी झाली असे सांगितले जाते. मात्र दरी मोजण्याची रीतही या काळात बदलली आहे.

1950 मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली; घरगुती खर्चाचे आकडे याच पाहणीतून येतात. तिच्याच आकड्यांवरून पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये दारिद्र्याचा अंदाज बांधला. 1960-61 च्या किमतींनुसार किमान खर्च त्यांनी खेड्यात माणशी दरमहा 15 रुपये, तर शहरात 22.50 रुपये धरला. शहरात जगण्याचा किमान खर्चच दीडपट असेल, तर दिसणारी सगळी तफावत सुबत्तेची नसते, हा मुद्दा आजही विसरता कामा नये. भाड्याचेच पाहा. शहरी कुटुंब भरते ते घरभाडे खर्चात धरले जाते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या नावावर मात्र तशी रक्कम मांडली जात नाही, आणि खेड्यात बहुतेकांची घरे स्वतःची असतात.

प्रश्न कसा विचारला जातो, यावरही बरेच अवलंबून असते. गेल्या 30 दिवसांत घरात भाजी किती रुपयांची आली, हे घरातल्या बाईला नेमके आठवणे अवघड. सात दिवसांचे विचारले तर उत्तर अधिक भरवशाचे मिळते. उलट कपडे, शिक्षण यांसारख्या खर्चांसाठी वर्षाचा हिशेब योग्य ठरतो. पाहणीच्या 1999-2000 च्या फेरीत या कालावधींची सरमिसळ झाली आणि दारिद्र्य खरोखर किती घटले, यावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला.

2017-18 ची पाहणी तर केंद्र सरकारने माहितीच्या गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्धच केली नाही. परिणामी मधल्या दशकाचे अधिकृत चित्र उपलब्ध नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. 2022-23 मध्ये एका भेटीऐवजी तीन भेटींत तीन वेगळ्या प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी त्यामुळे 84 आणि 71 हे आकडे शेजारी ठेवून थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

शिवाय सरासरीत बरेच काही झाकले जाते. 2022-23 मध्ये सर्वाधिक खर्च करणाऱ्या वरच्या पाच टक्के लोकांत दरडोई मासिक शहरी खर्च 20,824 रुपये आणि ग्रामीण खर्च 10,501 रुपये, म्हणजे जवळजवळ दुप्पट फरक होता. तळाच्या पाच टक्क्यांत तो शहरात 2,001 आणि खेड्यात 1,373 रुपये होता. मोफत मिळालेल्या धान्याची किंमत यात धरलेली नाही, हे खरे. पण अन्न, औषध, प्रवास आणि मुलांची शाळा या सगळ्यांसाठी खेड्यातील या माणसाच्या वाट्याला दिवसाला 46 रुपयेही येत नव्हते.