भिंत पाडण्याआधी ऊन मोजा

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये घराचं काम काढलं की पहिला बेत बहुधा ठरलेला असतो: स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची. हल्ली घण पडण्याआधी इंटिरिअरवाले लॅपटॉपवर थ्रीडी दाखवतात आणि घरातले सगळे सोफ्याच्या रंगावर बोलत राहतात. खरं तर त्या चित्रातला रंग सगळ्यांत कमी भरवशाचा. उजेड मात्र, माहिती नीट भरली असेल तर, चांगलाच खात्रीचा असतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही.

खऱ्या खोलीत दिव्यातून निघालेले बहुतेक किरण आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर उलटा माग काढतं: डोळ्यापासून खोलीत किरण सोडायचा, तो कशावर आदळतो ते बघायचं आणि तिथून दिव्यापर्यंत किंवा खिडकीपर्यंत जायचं. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. प्रत्येकासाठी शंभर किरण धरले तरी आकडा २० कोटींवर जातो. संगणकावरच्या चित्रांचे संशोधक टर्नर व्हिटेड यांनी १९८०मध्ये ही रीत आरसे आणि काचांसाठी वापरून दाखवली. पण घरातला बराचसा उजेड एका भिंतीवरून दुसरीवर उसळत येतो. त्या सगळ्या उसळ्या एका समीकरणात बसवल्या त्या याच क्षेत्रातल्या जिम काजिया यांनी, १९८६मध्ये. चित्रात लाल फरशीची झाक पांढऱ्या छतावर दिसते, ती याच हिशेबामुळे.

आता यात पुण्याचा सूर्य घाला. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. त्यामुळे २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो (आपल्या घड्याळात तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात). दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून ७ फुटांवर असेल, तर छज्जा नसताना ऊन सव्वासहा फूट आत येतं. मार्चच्या २१ तारखेला तेच अडीच फुटांच्याही आत थांबतं. जूनमध्ये तर दुपारचा सूर्य डोक्यावरून पाच अंश उत्तरेला सरकलेला असतो, म्हणजे तेव्हा थेट ऊन उत्तरेच्या खिडकीवर. भिंत काढल्यावर ओट्यापर्यंत ऊन येईल का, याचं उत्तर असं महिन्यागणिक बदलतं. म्हणून एका चित्रावर समाधान मानू नका. डिसेंबर, मार्च, जून अशी तीन चित्रं मागा, आणि चौथं ढगाळ आकाशाचं, कारण पावसाळ्यातलं घर निरभ्र आकाशाच्या चित्रात दिसणारच नाही.

हा सगळा हिशेब उत्तर दिशा नेमकी कळण्यावर अवलंबून आहे. घरात उभं राहून मोबाइलच्या होकायंत्रावर ती ठरवू नका. स्लॅब आणि कॉलममधल्या सळया सुई फिरवतात. उपग्रहाच्या नकाशावर इमारतीची कड बघून कोन घेतलेला बरा.

मापंही तशीच जपून घ्यावी लागतात. ९ बाय १२ फुटांची खोली खरोखर काटकोनात असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी बरोबर १५ फूट भरते. दोन्ही तिरकी मापं घ्या. त्यांत दोन इंचांचा फरक निघाला तर कोपरे काटकोनात नाहीत, आणि पडद्यावर चपखल बसलेलं कपाट प्रत्यक्षात अडेल. स्वीट होम थ्रीडी किंवा ब्लेंडर ही थ्रीडी चित्रं काढायची सॉफ्टवेअर मोफत मिळतात, तेव्हा एवढं काम घरातली कॉलेजात जाणारी मुलंही करू शकतील. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, साधारण पाच फुटांवर ठेवा आणि कोन फार रुंद करू नका. रुंद कोनात दहा बाय दहाची खोलीही ऐसपैस दिसते.

रंगासाठी मात्र भिंतीवर दोन फुटांचा पट्टा प्रत्यक्ष लावून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघावा. पडदा स्वतः उजेड फेकतो, भिंत तो परतवते. दोन्हींची तुलना होत नाही.

आणि एक गोष्ट हे सॉफ्टवेअर कधीच सांगत नाही. पडद्यावर कुठलीही भिंत एका क्लिकवर नाहीशी होते. जुन्या आरसीसी इमारतीत आतली चार इंची विटांची भिंत बहुधा वरचा भार घेत नाही. पण वाड्यात भिंतच भार पेलत असते, आणि नव्या टॉवरमधल्या, ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती सांगाड्याचाच भाग असतात. तिथे दार रुंद करण्यासाठीसुद्धा घण लावायचा नाही. सोसायटीकडून मूळ स्ट्रक्चरल नकाशे मागून घ्या, इंजिनिअरला दाखवा आणि त्यांनी लेखी दिल्यावरच थ्रीडीतली ती भिंत पुसायला सांगा.