पत्र पाठवा, पाद्री व्हा

अमेरिकेतल्या लग्नात हल्ली वधूवरांसमोर उभा राहून शपथा वदवून घेणारा माणूस बऱ्याचदा वराचा कॉलेजातला मित्र असतो, नाहीतर वधूची थोरली बहीण. चर्चशी त्यांचा काडीचा संबंध नसतो, देवावर विश्वास नसतो, पण कायद्याच्या लेखी त्या दिवशी ते पाद्री असतात. लग्नाच्या काही दिवस आधी एका संकेतस्थळावर नाव-पत्ता भरून त्यांनी पाद्रीपदाची दीक्षा घेतलेली असते. पाच मिनिटांचं काम, तेही बहुतेक वेळा फुकट. बाहेरून बघणाऱ्याला ही निव्वळ थट्टा वाटते. पण तिच्या मुळाशी कायद्याचा चांगलाच जुना गुंता आहे.

लग्न लावायला पाद्री हवाच, ही अट ख्रिस्ती धर्मातही तशी उशिराचीच. मध्ययुगीन युरोपात दोघांनी एकमेकांना वचन दिलं की लग्न झालं. साक्षीदार नसला तरी चर्च ते मोडीत काढत नसे. त्यातून गुपचूप लग्नं आणि मागाहून ‘मी नाहीच बोललो तसं’ असले तंटे इतके माजले की १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने पाद्री आणि दोन साक्षीदार सक्तीचे केले. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये असा कायदा व्हायला १७५३ साल उजाडलं. त्याने लग्नं अधिकृत चर्चमध्येच लावायला लावली आणि सूट दिली ती फक्त क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाला आणि ज्यू लोकांना.

अमेरिकेत गोष्ट उलटीकडून सुरू झाली. इंग्लंडमधून आलेल्या कडव्या प्रॉटेस्टंटांच्या प्लिमथ वसाहतीतलं पहिलं लग्न १६२१ मध्ये लागलं, एडवर्ड विन्स्लो आणि सुझॅना व्हाइट यांचं. ते पाद्र्याने लावलं नाही. लग्न हा दिवाणी व्यवहार आहे, पाद्र्याने तो करावा असं बायबलात कुठेही सांगितलेलं नाही, अशी या कडव्या धर्मनिष्ठ लोकांची समजूत होती. हॉलंडमध्ये राहून आलेले असल्याने तिथली अधिकाऱ्याकरवी लग्न लावण्याची रीत त्यांनी बघितलेली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये पाद्र्यांना लग्न लावायची मुभा मिळाली ती १६९२ मध्ये. म्हणजे लग्नातून पाद्र्याला प्रथम बाहेर ठेवलं ते नास्तिकांनी नव्हे, भाविकांनी.

पुढे प्रत्येक राज्याने आपापला विवाह कायदा केला आणि लग्न कोण लावू शकतो याची यादी दिली. यादीत सहसा न्यायाधीश किंवा तत्सम अधिकारी आणि ‘दीक्षा घेतलेले धर्मोपदेशक’. क्वेकर पंथात पाद्रीच नसतो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं कलम. पेनसिल्व्हेनियात त्याच परंपरेतून आलेला परवाना आजही मिळतो: लग्न लावणारा कुणी नाही, वधूवर आणि दोन साक्षीदार.

खरी गंमत इथून पुढे आहे. राज्य म्हणतं, धर्मोपदेशक आणा. राज्यघटनेची पहिली दुरुस्ती म्हणते, कुठला धर्म खरा, कुठला खोटा हे सरकारने ठरवायचं नाही. मग हा माणूस धर्मोपदेशक आहे की नाही, हे कुणी ठरवायचं? त्याच्या चर्चने. आणि ते चर्च खरं आहे की नाही? ते विचारायचंच नाही.

या फटीत पाय घातला कर्बी हेन्सली यांनी. नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेला, बॅप्टिस्ट परंपरेतून आलेला हा उपदेशक. लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी १९६२ मध्ये त्यांनी युनिव्हर्सल लाइफ चर्चची रीतसर नोंदणी केली. सिद्धांत एकच: जे योग्य आहे तेच करा. योग्य काय, ते ज्याचं त्याने ठरवायचं. पत्र पाठवणाऱ्या कुणालाही दीक्षा मिळे. श्रद्धेची चौकशी नाही, परीक्षा नाही.

सुरुवातीला या प्रमाणपत्रांवर उड्या पडल्या त्या लग्नांसाठी नव्हेत. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता, आणि पाद्र्यांना सक्तीच्या लष्करभरतीतून सूट होती. पोस्टाने मिळालेल्या कागदावर ती मिळवायची अनेक तरुणांना आशा होती. करांचंही तेच. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरातल्या हार्डनबर्ग गावात १९७० च्या दशकात बहुतेक सगळं गाव पाद्री झालं आणि घरं धार्मिक मालमत्ता म्हणून करमुक्त करून मागू लागलं. शेवटी राज्याला कायदा आवळावा लागला. १९७४ मध्ये मात्र करसवलतीच्या एका खटल्यात कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयाने हेन्सलींच्या बाजूने कौल दिला. धर्म बरा की वाईट हे तोलणं न्यायालयाचं काम नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दहा वर्षांनी करखात्याने चर्चची सवलत काढून घेतली, पण दीक्षा देणं काही थांबलं नाही.

लग्नांचा प्रश्न चिघळला तो राज्यांच्या न्यायालयांत. नॉर्थ कॅरोलायनातला १९८० चा निकाल तर मुळातून वाचावा असा आहे. एका माणसावर द्विभार्येचा खटला भरला गेला. त्याचं पहिलं लग्न वधूच्या वडिलांनीच लावलेलं. ते स्वतः कॅथलिक, आणि १० डॉलरला पोस्टाने मागवलेलं युनिव्हर्सल लाइफ चर्चचं प्रमाणपत्र हीच त्यांची पात्रता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे लग्न मुळात कायदेशीर ठरत नाही. पहिलं लग्नच नाही तर द्विभार्या कसली? आरोपी सुटला. पण अशाच पाद्र्यांनी लग्न लावलेली बाकीची जोडपी धास्तावली असणार. विधिमंडळाने मग ३ जुलै १९८१ पूर्वीची युनिव्हर्सल लाइफ चर्चच्या पाद्र्यांनी लावलेली लग्नं कायदेशीर ठरवली. त्यानंतरच्यांचं काय, याबद्दल मौन. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा पाद्र्यांना लग्न लावू द्यायला १९७४ मध्येच नकार दिला होता. न्यूयॉर्कच्या एका अपील न्यायालयानेही १९८९ मध्ये नकारच दिला. मिसिसिपीने १९८८ मध्ये असंच लग्न वैध धरलं. एकाच कागदाची किंमत राज्याची सीमा ओलांडली की बदलायची, अजूनही बदलते. इंटरनेट आल्यावर पोस्टाचीही गरज उरली नाही. २०१९ मध्ये टेनेसीने ऑनलाइन दीक्षा घेतलेल्यांना लग्न लावायला कायद्यानेच बंदी केली, आणि तो वाद लगेच न्यायालयात गेला.

नास्तिकांपुढचा पेच मात्र निराळाच होता. ज्याला धर्म नाही त्याने ‘मी पाद्री आहे’ असं लिहून द्यायचं, हे अनेकांना खटकत नाही. नरो वा कुंजरो वा म्हणून काम उरकतात. काहींना ते खटकतं. फेलिक्स ॲडलर यांनी १८७६ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेल्या एथिकल कल्चर चळवळीने देव बाजूला ठेवून नीतीवर भर दिला. तिचे नेते लग्नं लावत आले आहेत. १९३९ मध्ये काही क्वेकरांनी कॅलिफोर्नियात मानवतावाद्यांची, म्हणजे देवाऐवजी माणसाला केंद्रस्थानी मानणाऱ्यांची, एक संस्था काढली. आज द ह्युमॅनिस्ट सोसायटी या नावाने ती लग्न लावणारे निरीश्वरवादी तयार करते, पण कायद्याच्या कागदावर ती धार्मिक संस्थाच आहे. त्याशिवाय लग्न लावायचा अधिकार मिळणार कसा?

सेंटर फॉर इन्क्वायरी या मानवतावादी, निधर्मी संस्थेने हा वेष घ्यायला नकार दिला. इंडियानात तिच्या प्रतिनिधींना लग्न लावता येईना, म्हणून ती न्यायालयात गेली. सुनावणीत राज्याच्या वकिलांना कबूल करावं लागलं की युनिव्हर्सल लाइफ चर्चचं प्रमाणपत्र चालेल, इतकंच काय, सैतानाचं चर्चही चालेल. फक्त ‘आम्हाला धर्म नाही’ असं खरं सांगणारे चालणार नाहीत. जुलै २०१४ मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे इंडियाना ज्याच्या कक्षेत येतं त्या संघराज्य अपील न्यायालयात न्यायमूर्ती फ्रँक ईस्टरब्रुक यांनी ही विसंगती चांगलीच सोलून काढली: मानवतावाद्यांनी आपण धर्म आहोत असं खोटं सांगितलं तरच त्यांना परवानगी, हे तर्काला धरून नाही. इंडियानात दार उघडलं. टेक्ससमध्ये तोच दावा टिकला नाही.

दुसऱ्या देशांनी हा गुंता वेगळ्या टोकाने सोडवला. ऑस्ट्रेलियात ॲटर्नी जनरल लायनेल मर्फी यांनी १९७३ पासून साध्या नागरिकांना लग्न लावण्यासाठी नेमायला सुरुवात केली. आज तिथली बहुतेक लग्नं असेच लोक लावतात. स्कॉटलंडमध्ये पहिलं कायदेशीर मानवतावादी लग्न जून २००५ मध्ये एडिनबरोच्या प्राणिसंग्रहालयात लागलं. शेजारच्या इंग्लंडमध्ये अशा समारंभाला अजून कायद्याचं बळ नाही; जोडप्याला निबंधकापुढे वेगळं उभं राहावं लागतं.

अमेरिकेतही पाद्रीपदाला वळसा घालणाऱ्या वाटा वाढत आहेत. फ्लोरिडात नोटरी लग्न लावू शकतो, कोलोरॅडोत जोडपं स्वतःच स्वतःचं लग्न लावतं, मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यपालांकडून एका दिवसापुरता अधिकार मिळतो. न्यूयॉर्कने मार्च २०२३ पासून २५ डॉलरचा एकदिवसीय परवाना सुरू केला. तरीही ऑनलाइन दीक्षा घेणारे कमी झालेत असं दिसत नाही. ती फुकट आहे, आणि एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी मित्राच्या लग्नात अर्धा तास बोलून घरी गेलेला पक्का नास्तिकही चर्चच्या वहीत अजून पाद्रीच आहे.