अनोळखी मध्ययुगीन चांदीचं नाणं ओळखणं

देवघरातल्या डबीत सापडलेलं, खोदकामात निघालेलं किंवा सराफ्यात मोडीत आलेलं जुनं चांदीचं नाणं कुठल्या राजाचं, कधीचं आणि कुठल्या टांकसाळीतलं हे शोधणं म्हणजे नाणं ओळखणं. ग्वाल्हेर भागात यात फार मजा आहे, कारण प्रतिहारांपासून शेरशाहपर्यंत सगळ्यांचा इथे अंमल होता.

आधी एकच विनंती, नाणं घासू नका! ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांमधून लक्ष्मीपूजनाच्या आधी सगळी चांदी चकचकीत करतात, पण जुन्या नाण्याला चिंच-मीठ लावून रगडलं की अक्षरांच्या कडाच जातात आणि वाचायला तेवढंच तर उरलेलं असतं.

मग वजन. सराफाच्या काट्यावर 4 ग्रॅमच्या आसपास भरलं तर बहुतेक द्रम्म, म्हणजे सुलतानांच्या आधीच्या राजांचं नाणं, 11 च्या जरा खाली असेल तर टंका, म्हणजे सुलतानांचं नाणं, आणि साडेअकराच्या जवळ, म्हणजे तोळ्याला किंचित कमी, तर शेरशाहचा किंवा त्याच्या नंतरचा रुपया. झिजलेलं नाणं कमी भरतं हे धरून चालायचं.

द्रम्मांमध्ये इथल्या माणसाला ओळखता आलाच पाहिजे असा म्हणजे प्रतिहार राजा मिहिरभोजाचा, 9व्या शतकातला. चांदी भेसळीची असते त्यामुळे रंग काळपट, पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसत्या रेघा आणि ठिपकेच दिसतात, पण तिरप्या उजेडात हळूहळू फिरवलं की एका बाजूला माणसाचं अंग आणि वराहाचं तोंड असलेला विष्णू दिसायला लागतो, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'श्रीमदादिवराह' आणि त्याच्या खाली इराणच्या सासानी नाण्यांवरून आलेल्या अग्निवेदीचा उरलासुरला आकार. राजाचं नाव कुठेच नाही, 'आदिवराह' हे त्याचं बिरुद. आणि हेच बिरुद किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिराच्या शिलालेखातही आहे (हो, तेच मंदिर जिथे शिलालेखात कोरलेल्या 270 या आकड्यातलं जुनं शून्य बघायला लोक जातात), म्हणजे भिंतीवरचा शब्द आणि हातातल्या नाण्यावरचा शब्द एकच! मला यापेक्षा भारी पुरावा माहीत नाही.

फारसी-अरबी अक्षरं असतील तर आकडे शोधा. हिजरी सालाला 0.97 ने गुणून 622 मिळवले की इसवी सन साधारण निघतो, 949 म्हणजे 1542-43. शेरशाहच्या रुपयावर चौकटीत कलमा असतो आणि बऱ्याच नाण्यांवर नागरीतही त्याचं नाव असतं, त्यामुळे फारसी न येणाऱ्यालाही तो पटकन सापडतो. त्याची एक टांकसाळ ग्वाल्हेरलाच होती.

कडेला जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरं मऊ मऊ, असं दिसलं तर ते साच्यात ओतलेलं नकली, कारण त्या काळची नाणी ठशावर हातोडा मारून पाडायचे. आणि जमिनीत सापडलेलं असेल तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, ते आधी करा.