एचडीएमआय एक्स्टेंडर आणि नेटवर्क: केबल एकच, काम वेगळं

"केबल ओढली, दोन्ही टोकांना जॅक मारले, लाइट पण लागलाय, तरी मागच्या टीव्हीवर कॅमेरे दिसेनात." बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठल्याही सीसीटीव्हीवाल्याला विचारा, हे गाऱ्हाणं त्याला पाठ असतं. जाऊन बघावं तर एक्स्टेंडरची, म्हणजे चित्र लांबच्या टीव्हीपर्यंत नेणाऱ्या दोन डब्यांच्या जोडीची केबल नेऊन राउटरशेजारच्या स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडायच्या डब्यात, खुपसलेली. जॅक बसला म्हणजे काम झालं, हा समज काही केल्या जात नाही.

डीव्हीआरमागून, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमागून, एचडीएमआय केबल काढून पुढच्या टीव्हीला लावणं सगळ्यांना येतं, ते सोडून देऊ. अडतं ते दुसऱ्या पडद्यापाशी. बेळगावातल्या वडगाव-खासबागकडची मागवाल्यांची घरं घ्या की. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि पार शेवटी पॉवरलूम. माग चालू असताना दाराची बेल ऐकू येणं शक्यच नाही, म्हणून दाराचं चित्र मागाच्या खोलीत हवं असतं. रेकॉर्डर मात्र पुढं माळ्यावर.

तिथवर चित्र न्यायला एचडीएमआय एक्स्टेंडर वापरता येतो, किंवा घरातलं नेटवर्क. दोन्हीला कॅट-६, म्हणजे नेटवर्कची नेहमीची चार जोड्यांची केबल लागते आणि दोन्हीकडं टोकाला तोच आठ पिनांचा जॅक असतो. घोळ सगळा इथं आहे, कारण केबलमधून जे वाहतं ते अजिबात सारखं नाही.

एचडीएमआयमधून तयार, उलगडलेलं चित्र जातं. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, आणि हे सगळं सेकंदाला ६० वेळा. हिशोब करा: सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट. म्हणूनच साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढं नेली की चित्र फडफडतं किंवा जातं. एक्स्टेंडरचा पहिला डबा हा सिग्नल कॅट-६ च्या चार जोड्यांवर चढवतो, दुसरा डबा उतरवून घेतो. हे दोन डबे फक्त एकमेकांशी बोलतात. त्यांना आयपी पत्ता नसतो, त्यांच्या केबलमध्ये डेटाची पाकिटं नसतात, त्यामुळं मध्ये स्विच आला तर त्याला त्यातलं अक्षर कळत नाही. वर काही एक्स्टेंडर पलीकडच्या डब्यासाठी त्याच केबलमधून वीजही सोडतात. ती केबल राउटरला जोडलीत तर चित्र येणार नाही ते नाहीच, पोर्टही जायचा.

नेटवर्कवरून मात्र असं उलगडलेलं चित्र जातच नाही. कॅमेऱ्यानं किंवा रेकॉर्डरनं ते एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये आधीच दाबून ठेवलेलं असतं. १०८०पीच्या एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ ते ४ मेगाबिट पुरतात, म्हणजे वरच्या आकड्याचा साधारण हजारावा हिस्सा. एवढा माल स्विचमधून, वायफायवरून, कुठूनही आरामात जातो. पण तो उलगडणारं कुणीतरी पलीकडं पाहिजे: अँड्रॉइड बॉक्स, रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर, नाहीतर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकलेला जुना लॅपटॉप. टीव्हीला नुसती लॅनची केबल लावून "कॅमेरे का येईनात" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. एक्स्टेंडरकडं ही कटकट नाही. उलगडायचं काम रेकॉर्डरनं केलेलं असतं, पलीकडं एचडीएमआयचं भोक असलेला कसलाही जुना टीव्ही चालतो.

याचीच दुसरी बाजू घरात भांडण लावते. स्प्लिटर (एका चित्राचे अनेक फाटे करणारा डबा) आणि एक्स्टेंडर लावून चार पडदे केलेत तरी चित्र एकच, रेकॉर्डरचं. पुढच्या खोलीत कुणी माउस धरून कालचं रेकॉर्डिंग बघायला बसलं की मागावरच्या माणसाला दार दिसायचं बंद, त्यालाही कालचंच दिसतं. मोठ्या रेकॉर्डरना कधीकधी स्वतंत्र दुसरं आउटपुट असतं, घरगुतीत बहुधा नाही. नेटवर्कवर प्रत्येक पडदा आपल्या मनाचा: स्वयंपाकघरात परडं, मागाच्या खोलीत दार.

या घोळात तेल ओतणारा तिसरा डबाही बाजारात आहे, आयपीवर चालणारा एचडीएमआय एक्स्टेंडर. हा खरोखरच चित्र दाबून नेटवर्कवर सोडतो आणि स्विचमधून जातो. दिसायला पहिल्या डब्यासारखाच. काउंटरवर दोन्ही "एक्स्टेंडर" म्हणूनच हातात ठेवतात याचा मला फार राग येतो. खोक्यावर स्विचमधून चालतो असं लिहिलं असेल तरच तो आयपीवाला समजा. नुसतं "५० मीटर" किंवा "६० मीटर, एक केबल" असेल तर थेट डब्यातून डब्यात जोडा. आयपीवाला साध्या स्विचवर टाकला की काही वेळा सगळ्या पोर्टांवर त्याचाच पूर येतो आणि घरातलं वायफाय रडायला लागतं, हेही ध्यानात असू द्या.

माझं मत विचाराल तर एकच जादा पडदा आणि तिथंही तेच चित्र हवं असेल तर साधा एक्स्टेंडर घ्या. बिघडण्यासारखं त्यात फार नसतं, वीज येऊन-जाऊन झाली तरी चित्र आपोआप परत येतं. दोनपेक्षा जास्त पडदे किंवा वेगवेगळी चित्रं हवी असतील तर नेटवर्कच. मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट करायचा उद्योग मात्र करू नका. फोन आला की दार गायब.

बाकीचे फरक किरकोळ. नेटवर्कवर चित्र एक-दोन सेकंद मागं असतं, दारासाठी चालतं. पडद्यावर चौकटी जास्त असतील तर मेन स्ट्रीमऐवजी सब स्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं हलकं, कमी बारकाव्याचं चित्र लावा, बॉक्स धापा टाकणार नाही. जुन्या बॉक्सला एच.२६५ झेपत नसेल तर सेटिंगमध्ये एच.२६४ करा. बॉक्समध्ये आरटीएसपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर कॅमेऱ्याचं चित्र जिथून मिळतं तो पत्ता टाकताना ॲडमिनचा पासवर्ड लिहू नका, फक्त बघण्यापुरता वेगळा युजर करा.

मागाची शेड घरापासून सुटी असेल तर दोन्हीसाठी एकच नियम. मधल्या मोकळ्या जागेतून तांब्याची केबल नेऊ नका. एप्रिल-मेच्या वळवात जवळपास वीज पडली तरी त्या केबलमधून दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात. तिथं फायबर (काचेची केबल) टाका, दोन टोकांना फायबर आणि नेटवर्क केबल जोडणारे मीडिया कन्व्हर्टर लावा, आणि मग नेटवर्कवरूनच चित्र न्या. साधा एक्स्टेंडर त्या कन्व्हर्टरवरही चालणार नाही, आणि का ते आता सांगायला नको.