सॉफ्टवेअर फुकट, मग मजुरी कसली?

संस्थेचे छापील अहवाल, जुने अंक, टाइप केलेली इतिवृत्तं स्कॅन करून त्यातला मराठी मजकूर शोधता यावा, म्हणून आम्ही तुमच्या मशीनवर टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर बसवतो. (हस्ताक्षराची अपेक्षा ठेवू नका.) हे सॉफ्टवेअर २००५ पासून खुलं आहे, परवाना अपाचे २.०, म्हणजे फुकट वापराचा. त्यामुळे आमच्या बिलात लायसन्सची रक्कम नसते, फक्त मजुरी असते.

तुमच्याकडे उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम) २४.०४ असेल तर टेसरॅक्ट ५ तयार पॅकेजमध्ये मिळतं. तिथे आम्ही तेच टाकतो, उगाच खटाटोप करत नाही. २२.०४ वर मात्र पॅकेज ४.१.१ चंच आहे. मग पाचव्या आवृत्तीचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) उतरवून तुमच्याच मशीनवर कंपाइल करावा, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवावा लागतो.

कंपाइल व्हायला फार वेळ लागत नाही, वेळ खाते ती आधीची तयारी. चित्र उघडायचं काम लेप्टोनिका ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) करते आणि पीएनजी, टिफ, जेपेग या प्रकारच्या चित्रांसाठी तिला आणखी लायब्रऱ्या लागतात, त्याही ‘डेव’ पॅकेजांसकट, कारण कंपायलरला लायब्ररीत काय काय आहे हे सांगणाऱ्या हेडर फायली हव्या असतात. लेप्टोनिकाही सोर्समधून बांधायची वेळ आली, तर खरी मेख इथे आहे: टिफचं डेव पॅकेज नसलं तरी ‘कॉन्फिगर’ (बांधणीआधी मशीन तपासणारी पायरी) तक्रार करत नाही. ‘मेक’ (बांधणी) होतं, ‘मेक इन्स्टॉल’ (बसवणं) होतं आणि पहिली टिफ फाइल दिली की गाडी अडते. म्हणून काम झाल्यावर ‘टेसरॅक्ट --व्हर्जन’ ही कमांड आम्ही तुमच्यासमोर चालवतो. खाली लायब्रऱ्यांची नावं छापून येतात. त्यात लिबटिफ (टिफची लायब्ररी) दिसलं नाही, तर मशीन ताब्यात घेऊ नका.

मराठीची ट्रेन्डडेटा फाइल (टेसरॅक्टला ती भाषा ओळखायला लागणारी) वेगळी उतरवावी लागते. तिचे ‘फास्ट’ आणि ‘बेस्ट’ असे प्रकार आहेत. पुसट छपाईसाठी आम्ही बेस्ट टाकतो, सावकाश चाललं तरी चालेल.

सोर्सचं फोल्डर डिलीट करू नका. टेसरॅक्ट काढून टाकणारी ‘मेक अनइन्स्टॉल’ ही कमांड तिथूनच चालते. उबुंटूचं नेहमीचं अपडेट या टेसरॅक्टला शिवत नाही, ते यूएसआर-लोकल या हाताने बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये असतं. त्यामुळे नवी आवृत्ती आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आम्हीच करून देतो, वार्षिक देखभालीत ते धरलेलं आहे. २२.०४ वरून २४.०४ वर जाणार असाल, तर आधी आम्हाला फोन करा. तिथे लिबटिफ ५ ची जागा ६ ने घेतली आहे, जुनी बांधणी चालेलच असं नाही.