लिबरल आर्ट्स कॉलेजात मानसशास्त्र शिकायचं तर: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

मानसशास्त्राला प्रवेश हवा आहे, फॉर्म कुठे मिळेल? अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या (एकाच शाखेत न अडकवता साहित्य, विज्ञान, समाजशास्त्र असे अनेक विषय शिकवणाऱ्या कॉलेजांच्या) बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ऐकून बरेच पालक गोंधळतात, कारण असा फॉर्मच नसतो. अर्ज कॉलेजला करायचा. विषय ठरतो तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वॉर्थमोर, वेलस्ली, व्हॅसर, ग्रिनेल यांपैकी कुठेही जायचं असलं तरी बारावीच्या वर्षातली सगळी धावपळ कॉलेजात शिरण्यासाठी असते. आत गेल्यावर मानसशास्त्रासाठी सहसा वेगळी गुणवत्ता यादी लागत नाही. त्यामुळे 'सायकॉलॉजीचा कटऑफ किती?' हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

ही कॉलेजं लहान असतात. साधारण दोन-तीन हजार विद्यार्थी, जवळजवळ सगळे पदवीचे, आणि चार वर्षांचा बीए. पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापकांच्या संशोधनात प्रयोगासाठी माणसं बोलावणं, नोंदी घेणं, आकडेमोड करणं ही कामं पदवीच्याच मुलांच्या वाट्याला येतात. या विषयाशी त्यांचं नातंही जुनं आहे. मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी वेलस्लीत मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली ती १८९१ मध्ये. हार्वर्डने त्यांना शिकू दिलं, पण बाई म्हणून पीएचडी नाकारली. त्याच कॅल्किन्स १९०५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. गेस्टाल्ट विचाराचे (आपण वस्तू तुकड्यांत नव्हे, अखंड आकृती म्हणून पाहतो असं मानणारे) कुर्ट कॉफ्का स्मिथ कॉलेजमध्ये शिकवत, वोल्फगांग कोहलर स्वॉर्थमोरमध्ये. इतर सगळे चुकीचं उत्तर देत असले की एकटा माणूस काय करतो, हे रेषांच्या लांबीवरून तपासणारे सोलोमन अ‍ॅश हेही स्वॉर्थमोरचेच प्राध्यापक. (हा इतिहास अर्जातल्या निबंधात कोंबू नका. निबंध वाचणाऱ्यांना तो पाठ असतो.)

कोण अर्ज करू शकतं

बारावी किंवा त्याच्या तोडीचं शालेय शिक्षण पूर्ण होत असलेला कोणीही. शाळेत मानसशास्त्र घेतलेलं असायला हवं अशी अट नसते. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स ही विभागणीच तिथे नाही, त्यामुळे शाखेची अडचण येत नाही. गणित मात्र शक्यतो सोडू नये. एक तर प्रवेश समितीला चार वर्षांचं इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र असा भक्कम पाया दिसायला हवा असतो. दुसरं म्हणजे मानसशास्त्राच्या पदवीत संख्याशास्त्र टाळता येत नाही, आणि 'माणसांचा विषय आहे, गणित सुटलं' म्हणून आलेली मुलं तिथेच अडखळतात. वेलस्ली, स्मिथ, ब्रिन मॉर ही महिला कॉलेजं आहेत, हे यादी करतानाच लक्षात ठेवावं.

एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशासाठीची चाचणी बऱ्याच कॉलेजांत ऐच्छिक आहे. बोडन कॉलेजने तर १९६९ पासूनच ती ऐच्छिक ठेवली. शाळेत इंग्रजी माध्यम नसेल तर टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी इंग्रजीची एक परीक्षा लागते. माध्यम इंग्रजी असेल तर अनेक ठिकाणी सूट मिळते, पण ती प्रत्येक कॉलेजच्या पानावर वेगळी तपासावी लागते.

वेळापत्रक

बहुतेक कॉलेजं 'कॉमन अ‍ॅप' या एकाच ऑनलाइन अर्जावर आहेत. नवा अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला उघडतो आणि त्यातून जास्तीत जास्त २० कॉलेजांना अर्ज करता येतो. 'अर्ली डिसिजन'ची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते. नेहमीच्या फेरीची मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते. त्या फेरीचा निकाल मार्चअखेर लागतो आणि १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. काही कॉलेजं जानेवारीत अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही घेतात.

अर्ली डिसिजन म्हणजे शब्द देणं. एकाच कॉलेजला तसा अर्ज करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा प्रतिनिधी अशा तिघांच्या सह्या त्यावर असतात. आर्थिक मदत पुरेशी मिळाली नाही तर या शब्दातून मोकळं होता येतं, पण ते कारण कागदावर दाखवावं लागतं. ज्या घरात चार कॉलेजांच्या मदतीचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घ्यायचा आहे, त्या घराने या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

कागदपत्रं, आणि ती कुठे अडतात

विद्यार्थ्याने स्वतः भरायचा भाग सोपा आहे: वैयक्तिक माहिती, जास्तीत जास्त दहा उपक्रम (प्रत्येकाचं वर्णन १५० अक्षरांत) आणि २५० ते ६५० शब्दांचा एक मुख्य निबंध. शिवाय काही कॉलेजं स्वतःचे छोटे पूरक प्रश्न विचारतात.

खरा वेळ खातो तो शाळेचा भाग. नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण लागतात. आपल्याकडे दहावीनंतर कॉलेज बदलतं, म्हणजे नववी-दहावीचे गुण एका संस्थेकडे आणि अकरावी-बारावीचे दुसरीकडे. दोन्हीकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी गुणपत्रक घ्यावं लागतं. बोर्डाचा निकाल उन्हाळ्यात लागतो आणि अर्ज त्याआधी कित्येक महिने जातो. म्हणून बारावीच्या अंदाजित गुणांचं पत्र किंवा सहामाहीचे गुण, मग फेब्रुवारीच्या आसपास मध्यवर्षाचा अहवाल, आणि शेवटी निकालानंतर अंतिम गुणपत्रक, असा हा तीन हप्त्यांचा व्यवहार असतो. कागद मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं.

'काउन्सेलर' नावाचं पद बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत नसतं. तिथे प्राचार्य, उपप्राचार्य किंवा जबाबदारी घेणारे एखादे शिक्षक ते काम करू शकतात. त्यांनी एक अहवाल, एक शिफारसपत्र आणि संस्थेची थोडक्यात ओळख पाठवायची असते. त्याशिवाय सहसा दोन विषयशिक्षकांची पत्रं लागतात. ही सगळी पत्रं शिक्षक स्वतःच्या लॉगिनमधून थेट चढवतात, विद्यार्थ्याच्या हातात देत नाहीत. अर्जात 'मी ही पत्रं वाचण्याचा हक्क सोडतो' असा एक प्रश्न येतो. तिथे बहुतेकांनी हक्क सोडावा, कारण मोकळेपणाने लिहिलेल्या पत्राला वजन असतं. शिक्षकांना जुलै-ऑगस्टमध्येच विचारा. दिवाळीच्या सुट्टीत फोन करून पत्र मागणं म्हणजे 'सदर विद्यार्थी हुशार व मेहनती आहे' एवढ्यावर समाधान मानणं.

नावाचा घोळही आधीच निस्तरा. मार्कशीटवर आडनाव पुढे, पासपोर्टवर मागे, एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, असं असेल तर अर्जावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहायचं आणि फरक सांगणारं पत्र शाळेकडून घेऊन ठेवायचं. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा.

निबंधात मानसशास्त्र किती?

मुख्य निबंधाचा विषय मानसशास्त्र असायलाच हवा असं मुळीच नाही. अर्जात आवडीचा विषय विचारतात, तिथे ते लिहिता येतं, पण ते बंधनकारक नसतं. 'मैत्रिणी आपले प्रश्न माझ्याकडेच घेऊन येतात, म्हणून मला मानसशास्त्र आवडतं' हे वाक्य प्रवेश समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं, की ते लिहून काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा एखादी लहानशी शंका बरी: परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं सकाळी का आठवत नाही, दोन भाषा बोलणारी आजी हिशेब मात्र एकाच भाषेत का करते. प्रश्न पडणारं डोकं त्यात दिसतं. स्वतःच्या किंवा घरातल्या आजारपणाबद्दल लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण घरातल्या माणसाला विचारून, आणि अनोळखी वाचकापुढे जेवढं ठेवायला मन राजी आहे तेवढंच.

पैशांचे फॉर्म

इथे सर्वांत जास्त चुका होतात. नामांकित कॉलेजांचा राहण्याजेवणासह वार्षिक खर्च आता ८० हजार डॉलरच्या वर आहे. पण हा छापील आकडा सगळेच भरत नाहीत. घराची ऐपत पाहून मदत दिली जाते, आणि त्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन गट पडतात. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडनसारखी मोजकी कॉलेजं प्रवेश ठरवताना परदेशी अर्जदाराची ऐपत पाहत नाहीत. बाकीची बहुतेक पाहतात, म्हणजे मदत मागितली की स्पर्धा वाढते.

म्हणून काही जण चलाखी करतात: आता मदत नको म्हणायचं, प्रवेश मिळाला की मागायची. ही चलाखी अंगाशी येते. अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येणार नाही, असा नियम अनेक कॉलेजांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेला आहे. गरज असेल तर पहिल्याच दिवशी मागा.

फाफ्सा हा सरकारी मदतीचा फॉर्म अमेरिकी नागरिक आणि काही ठरावीक पात्र रहिवाशांसाठी असतो. परदेशी विद्यार्थ्याने सहसा सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा ऑनलाइन फॉर्म) भरायचं. ते १ ऑक्टोबरला उघडतं, पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर पडतात. आई-वडिलांचं उत्पन्न, आयकर विवरणपत्र, पगाराचं प्रमाणपत्र, बँकेचे तपशील, घर-शेती-कर्ज असं सगळं त्यात येतं, आणि आकडे आपल्याच चलनात लिहिता येतात. शेतीचं किंवा दुकानाचं उत्पन्न विवरणपत्रात नीट दिसत नसेल तर एक साधं पत्र जोडून समजावून सांगा. फी झेपणारी नसेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ई-मेल करा. काही कॉलेजं माफीचा कोड देतात, काही पर्यायी फॉर्म पुढे करतात. कॉमन अ‍ॅपची अर्ज फीसुद्धा सगळीकडे नसते. वेलस्ली आणि स्मिथ ती घेत नाहीत.

होकारानंतर

कॉलेजला होकार कळवला की पहिल्या वर्षाचा खर्च भागेल याचा पुरावा द्यायचा. बँकेचं पत्र, कर्जमंजुरी, मदतीचं पत्र, जे असेल ते. त्यावर कॉलेज आय-२० नावाचा, विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद देतं. मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, १८५ डॉलर व्हिसा फी आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. फी भरण्याच्या दिवशी दूतावासाच्या पानावरचा आकडा पुन्हा पाहा, ती बदलत असते. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही. लसीकरणाचा फॉर्मही याच काळात भरायचा असतो.

मुलाखतीत 'मानसशास्त्र शिकून काय करणार?' असं विचारतील, आणि विचारलं नाही तरी घरात त्याचं उत्तर असायला हवं. बीए झालं म्हणजे माणूस समुपदेशक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. अमेरिकेत 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून परवाना मिळवायला सहसा डॉक्टरेट लागते, परवानाधारक समुपदेशक व्हायला मास्टर्स. पदवी ही तिकडे जाण्याची पहिली पायरी आहे.

विषय नोंदवताना

पहिली दोन वर्षं बरेच विषय चाखण्यात जातात. पदवीला साधारण ३२ कोर्स लागतात आणि मानसशास्त्राच्या मेजरला (म्हणजे मुख्य विषयाला) त्यातले दहाच्या आसपास: प्रास्ताविक कोर्स, संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, मग आकलन, विकास, सामाजिक, मेंदू-वर्तन अशा शाखांतले निवडक, एखादी प्रयोगशाळा आणि शेवटी सेमिनार किंवा प्रबंध. प्रास्ताविक पहिल्याच वर्षी आणि संख्याशास्त्र दुसऱ्या वर्षाच्या आत उरकलेलं बरं. नाहीतर तिसऱ्या वर्षी परदेशी सत्र घ्यायचं म्हटलं की वेळापत्रक बसत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात मेजर जाहीर करायचं. सल्लागार प्राध्यापकाची मान्यता घ्यायची आणि फॉर्म रजिस्ट्रारकडे द्यायचा. स्वॉर्थमोरसारख्या ठिकाणी पुढच्या दोन वर्षांचा आराखडाही लिहून मागतात. हा झाला मानसशास्त्राचा खरा अर्ज.

त्याच आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन आय-२० सुधारून घ्यायचा, आणि त्यावर विषयाचा कोड कोणता पडतो ते डोळ्यांनी पाहायचं. पदवीनंतर ओपीटीवर (शिकलेल्या विषयाशी संबंधित काम करण्याच्या परवानगीवर) १२ महिने काम करता येतं. कोड स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतला असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. 'सर्वसाधारण मानसशास्त्र' हा ४२.०१०१ कोड त्या यादीत नाही. संशोधन व प्रायोगिक मानसशास्त्राचे ४२.२७ ने सुरू होणारे कोड मात्र आहेत. आपला विभाग कोणता कोड वापरतो हे कॉलेज ठरवतं, विद्यार्थी नाही. त्यामुळे हा प्रश्न यादी करतानाच प्रत्येक कॉलेजला ई-मेलने विचारून ठेवता येतो.